अर्धा ग्रॅम कुठे गेला? देवगडच्या रविवारच्या गणित चाचण्यांबद्दल

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. लोकांच्या जमिनी मोजायच्या, हद्दी दाखवायच्या, नकाशे करायचे, हे काम एकोणीस वर्षं करतेय. माझी लेक यंदा दहावीला आहे, राज्य मंडळ, मराठी माध्यम. नोव्हेंबर ते जानेवारी बारा रविवार तिने जामसंड्याजवळच्या एका निवृत्त सरांकडे गणिताच्या सराव चाचण्या दिल्या. त्या चाचण्यांबद्दल हे लिहितेय.

बोर्डाचा पेपर अजून व्हायचाय. मुद्दाम आधीच लिहायला बसले, कारण निकाल लागला की सगळे किती पडले तेवढंच विचारतील आणि माझं सांगणं भलतीकडेच राहील. सरांनी नाव लिहू नका म्हणून सांगितलंय. त्यांच्या पडवीत सव्वीस मुलं बसतात, सत्ताविसाव्याला जागा नाही. देवगड-जामसंड्यात शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारलंत तर तो घर दाखवेल.

आधी व्यवहाराचं सांगते. एकूण चाचण्या बारा, सहा बीजगणिताच्या आणि सहा भूमितीच्या, एक रविवार हा तर पुढचा तो. सगळ्या मिळून १२०० रुपये, म्हणजे पेपरामागे शंभर. वेळ सकाळी आठ ते दहा. पेपर बोर्डाच्याच आराखड्याचा, ४० गुण आणि दोन तास. पहिल्या प्रश्नात एकेका गुणाचे आठ, दुसऱ्या-तिसऱ्यात चौकटी भरायच्या कृती आणि छोटी उदाहरणं, चौथ्यात चार-चार गुणांची मोठी, आणि पाचव्यात तीन गुणांचा तो एक प्रश्न, ज्याच्याजवळ आल्यावर मुलं घड्याळाकडे बघायला लागतात. बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० असे मिळून गणिताचे शंभर होतात, हे दहावीच्या पालकांना वेगळं सांगायला नको. कॅल्क्युलेटर चालत नाही. घड्याळ भिंतीवर एकच, तेही मुलांच्या पाठीमागे, म्हणजे वळून बघावं लागतं. सर म्हणतात, सारखं बघायची सवय मोडते.

यात अजून वेगळं असं काही नाही. असे पेपर बाजारात छापील मिळतात, मोबाइलवर मिळतात. गणपतीनंतर मीही एका अॅपचे पैसे भरले होते. तिथे चार पर्याय येतात, बरोबर उत्तराला बोट लावलं की हिरवी खूण. पंधरा दिवसांत लेकीच्या हिरव्या खुणांची संख्या वाढत गेली आणि वहीतली आकडेमोड कमी होत गेली. पर्यायांवरून उलटं जाऊन उत्तर शोधायला ती शिकली होती. हुशारी आहे, पण ती गणिताची नाही. ते बंद केलं आणि सरांकडे नाव घातलं.

सरांची तपासणी वेगळी आहे. पेपर बुधवारी परत येतो आणि त्यावर गुण नसतात. प्रत्येक उदाहरणात जिथे पहिली चूक झाली, त्या ओळीशेजारी समासात लाल ठिपका असतो. ठिपका एकच. त्याच्या पुढच्या ओळींना लाल पेन लागत नाही. ठिपक्याशेजारी कधी एका ओळीचा प्रश्न असतो, बऱ्याचदा तोही नसतो. मुलाने तिथून पुढचं उदाहरण त्याच कागदावर निळ्या पेनने पुन्हा सोडवायचं आणि रविवारी पेपर परत न्यायचा. मग सर मूळ पेपराचे गुण मांडून देतात. गुण आधी कळले की मूल कागद मिटून दप्तरात टाकतं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. माझा एका लेकीचा आहे आणि तो तसाच आहे.

आता तिसऱ्या चाचणीचं सांगते, कारण माझं मत तिथे बनलं.

सांख्यिकीचं उदाहरण होतं. शंभर हापूस आंब्यांची वजनं ग्रॅममध्ये, पूर्णांकात मांडलेली. १७६ ते २०० या वर्गात १२ आंबे, २०१ ते २२५ मध्ये २०, २२६ ते २५० मध्ये ३२, २५१ ते २७५ मध्ये २४ आणि २७६ ते ३०० मध्ये १२. मध्यक, म्हणजे वजनाच्या क्रमाने लावल्यावर अगदी मधलं येणारं वजन, काढा. लेकीने संचित वारंवारता, म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या आंब्यांची बेरीज, बरोबर काढली: १२, ३२, ६४. शंभराचे निम्मे पन्नास, म्हणजे मध्यक वर्ग २२६ ते २५०, हेही बरोबर. पन्नासातून आधीच्या वर्गापर्यंतचे ३२ गेले, उरले १८. पुढे तिने लिहिलं, २२६ अधिक १८ छेद ३२ गुणिले २४. उत्तर २३९.५. पुस्तकाच्या पद्धतीने उत्तर येतं २३९.५६. फरक अवघ्या सहा शतांश ग्रॅमचा.

मी त्या दिवशी तळेबाजारला मोजणीला गेले होते. संध्याकाळी घरी आले तर ही ओटीवर गुडघ्यात तोंड घालून बसलेली. समासात ठिपका आणि शेजारी लिहिलेलं, "अर्धा ग्रॅम कुठे गेला?"

"आई, माझा उत्तर बरोबर हा. सरांनी उगाच ठिपको दिल्यानी."

मी हातपाय धुतले, चहा ठेवला आणि तिच्याच पेपराच्या पाठीमागे जमिनीचे दोन गट काढले, शेजारी शेजारी. डाव्या गटाची हद्द २२५ वर संपवली, उजव्याची २२६ वर सुरू केली. मध्ये एक चिंचोळी पट्टी राहिली.

"ही जागा कोणाची?"

"कोणाचीच नाय."

"माझ्या नकाशात अशी जागा असून चालेल?"

ती थोडा वेळ बघत राहिली. मग पेन्सिल घेतली, पट्टीच्या बरोबर मधोमध रेघ मारली आणि म्हणाली, "बांध. अर्धो हेचो, अर्धो तेचो." रेघेवर तिने स्वतःच लिहिलं, २२५.५.

वर्ग सलग करणं म्हणतात ते हे. काट्यावर २२५.४ ग्रॅमचा आंबा आला तर नोंद २२५ची होते आणि तो डावीकडच्या वर्गात जातो. २२५.६ आला तर नोंद २२६ची, तो उजवीकडच्या. दोन वर्गांमधली खरी हद्द म्हणून २२५.५ला पडते, आणि वर्गाची रुंदी २४ न राहता २५ होते. २२५.५ अधिक १८ छेद ३२ गुणिले २५. पुस्तकात हे सगळं आहे, लेकीने ते वाचलंही होतं. पण तिचं उत्तर जवळपास जुळलं असल्यामुळे दुसऱ्या कुणी तपासणाऱ्याने ते सोडून दिलं असतं, आणि बोर्डाच्या पेपरात आकडे वेगळे आले की तेच भोक मोठं झालं असतं. चारपैकी एक गुण गेला. तो अगदी योग्य गेला.

तिच्या मैत्रिणीने त्याच उदाहरणात आधीच्या वर्गाची संचित वारंवारता ३२ घ्यायच्या ऐवजी मध्यक वर्गाचीच ६४ घेतली. कंसात पन्नास वजा चौसष्ट, उणे चौदा आले, आणि मध्यक निघाला २१४.५६. सरांनी तिला फक्त विचारलं, मध्यक कुठल्या वर्गात आहे म्हणून तूच वर लिहिलंस? आलेलं उत्तर त्या वर्गात बसतंय का? पाच सेकंदांची पडताळणी. आता त्या सव्वीस मुलांपैकी कुणीही मध्यक काढला की आधी वर्गाकडे बोट नेऊन बघतं. रविवारी मुलांना आणायला गेले असताना मी हे पाहिलंय, दहाला पाच कमी असताना पडवीभर बोटं कागदांवर फिरत असतात.

दुसरं उदाहरण त्रिकोणमितीचं, आठव्या चाचणीतलं. देवगड किल्ल्यावरच्या दीपगृहातून कुणीतरी समुद्राकडे बघतंय, नजर समुद्रसपाटीपासून ६० मीटर उंचीवर आहे असं धरा. एक होडी सरळ किल्ल्याच्या दिशेने येतेय. आधी तिचा अवनत कोन ३०° होता, थोड्या वेळाने ६०° झाला. होडी किती अंतर पुढे आली? वर्गमूळ ३ म्हणजे १.७३ धरा.

उत्तर ६९.२ मीटर. आधी होडी १०३.८ मीटरवर होती, नंतर ३४.६ मीटरवर आली, वजाबाकी ६९.२. आता गंमत नाही, गंभीर गोष्ट बघा. सव्वीसपैकी नऊ मुलांनी अवनत कोन चुकीचा काढला. नजरेतून जाणाऱ्या आडव्या रेषेपासून खाली मोजायचा, तो त्यांनी दीपगृहाच्या उभ्या रेषेपासून मोजला. त्यांच्या आकृतीत ३०° ला होडी ३४.६ मीटरवर आली आणि ६०° ला १०३.८ मीटरवर. म्हणजे होडी किल्ल्याकडे यायच्या ऐवजी समुद्रात निघून गेली. पण वजाबाकी तीच, ६९.२! ३० आणि ६० एकमेकांचे कोटिकोन आहेत, म्हणजे मिळून ९०, म्हणून दोन अंतरांची नुसती अदलाबदल झाली आणि शेवटच्या ओळीत चूक दिसेनाशी झाली.

मी सरांना विचारलं, हे मुद्दाम केलंत का? ते म्हणाले, "मॅडम, ४५ आणि ६० दिले असते तर उत्तर चुकलं असतं आणि मुलांना वाटलं असतं, आकडेमोड चुकली. मला त्यांची आकृती बघायची होती." नऊही जणांच्या समासात ठिपका आकृतीच्या शेजारी होता, उत्तराजवळ नव्हता.

पुढच्या रविवारी पेपर झाल्यावर सर मुलांना किल्ल्यावर घेऊन गेले. मीही गेले. सरांनी कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून खाली जाळ्याला लावतात तसलं शिसं अडकवलं होतं. कोनमापकाची सरळ कड डोळ्यासमोर आडवी धरली की दोरा ९०वर लोंबतो. मग कड होडीच्या दिशेने खाली झुकवायची, दोरा जितका सरकेल तितका अवनत कोन. वारा इतका होता की दोरा थरथरायचा, म्हणून एकाने बघायचं, दुसऱ्याने चिमटीत दोरा धरून वाचायचं. माझ्या लेकीने तारामुंबरीकडून बाहेर पडणाऱ्या होडीवर कड लावली. कोन अगदी लहान आला, चार-पाच अंश. "आई, होडी लांब जाता तसो कोन बारीक होता!" आकृतीत होडी उलटी गेलेल्या नऊ जणांत तीही होती. एवढं ओरडून सांगितलं की शेजारी बसलेल्या पर्यटकांनी वळून पाहिलं.

मला हे इतकं का भिडलं ते सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक पोटहिस्सा मोजला होता. चारही बाजू जुळल्या, क्षेत्रही जवळपास सातबाऱ्याइतकं आलं. मी खुशीत कागद पुढे सरकवला. तेव्हाच्या आमच्या वरिष्ठांनी एकच विचारलं, कर्ण मोजलास? नव्हता मोजला. चार बाजूंची लांबी तीच ठेवून चौकोन कलंडतो. कर्ण ठरला तरच त्याचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोण कलंडत नाही. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजला. एक कोपरा आत गेलेला, एक बाहेर, आणि बाहेर गेलेल्या कोपऱ्यात शेजाऱ्याचं हापूसचं जुनं कलम. दोन्ही घरची माणसं तेव्हा एकमेकांकडे जेवायला जात होती. माझा नकाशा तसाच पुढे गेला असता तर ते थांबलं असतं. शेवटचा आकडा जुळणं म्हणजे काय, हे मला त्या कलमाखाली समजलं. माझ्या मुलीला ते पंधराव्या वर्षी पडवीत समजतंय, याची मला किंमत आहे.

आमच्या खात्यात पूर्वी ३३ फुटांची साखळी असायची, तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आता मशीन आली, उपग्रहावरून जागा टिपणारे रोव्हर आले, बटण दाबलं की बिंदूचे निर्देशक मिळतात. मुलं विचारतात, मग निर्देशक भूमिती कशाला शिकायची? सरांनी एका पेपरात चार बिंदूंचे निर्देशक दिले आणि हा समांतरभुज चौकोन आहे का ते ठरवा म्हटलं. लेकीने दोन्ही कर्णांचे मध्यबिंदू काढले आणि ते एकच आले. मी तिला माझ्या मशीनमधली एका समांतरभुज तुकड्याची चार टोकं लिहून दिली, तीच रीत लावून तिने रात्री जेवणाआधी सांगितलं, एक टोक खटकतंय. खरंच एक आकडा मी लिहून देताना उलटा लिहिला होता.

भौमितिक रचनांचं लवकर सांगते. सर स्वतःची पट्टी घेऊन मोजतात. तीन सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ, केंद्रापासून पाच सेंटिमीटरवर बिंदू, दोन स्पर्शिका काढा. प्रत्येक चार सेंटिमीटर भरली पाहिजे, आणि सर पट्टी लावून ती भरते का बघतात. कंपासचा स्क्रू सैल असेल तर वर्तुळ शेवटाला जुळत नाही. आम्ही नवा कंपास घेतला, जुन्यावर उगाच वर्षभर राग काढत होतो.

आता कमी पडलेलं. तेही तेवढ्याच मनापासून लिहिते, कारण पुढच्या वर्षी सर सुधारतील अशी खात्री आहे.

मुलं खाली बसून लिहितात, चटईवर, मांडीवर पॅड घेऊन. दोन तासांत पाय बधिर होतात, आणि बोर्डाला बाक असतो. आकृतीसाठी तर पॅड अजिबात सोयीचं नाही. सहा बीजगणिताच्या पेपरांत अर्थनियोजनाला जागा फार कमी मिळाली, जीएसटीचं मोठं उदाहरण मी एकच पाहिलं, शेअर्सचं एकही लक्षात नाही. सेमी इंग्रजीच्या मुलांना सर घेतात, पण पेपर मराठीतच. गृहीतमध्य आणि मध्यप्रमाण विचलन हे शब्द ज्यांनी वर्गात ऐकलेच नाहीत, त्यांचे पहिले दोन रविवार शब्द विचारण्यात गेले. एका पेपरात वृत्तालेखाच्या कोनांची बेरीज ३७० अंश होत होती. मुलांनीच ते पकडलं, सरांनी सगळ्यांसमोर चूक मान्य केली आणि तो प्रश्न काढून त्याचे गुण सगळ्यांना दिले. जानेवारीत सर आजारी होते तेव्हा दोन पेपर पंधरा दिवसांनी परत आले, आणि इतक्या दिवसांनी आलेल्या ठिपक्याचा उपयोग कमी होतो, कारण त्या ओळीवर आपण काय विचार केला होता ते मुलाला आठवत नाही. कुणकेश्वरच्या बाजूने येणाऱ्या मुलांना रविवारी सकाळची एसटी धरून आठला पोचणं कठीण जातं. साडेआठची वेळ ठेवली तर त्यांची दहा-पंधरा मिनिटं वाचतील.

कोणासाठी नाही तेही सांगते. ज्याला अजून समरूपता किंवा वर्गसमीकरण शिकायचंय, त्याने इथे येऊ नये. सर शिकवत नाहीत, तपासतात. ठिपका मिळाल्यावर पुढचं सोडवायला घरी कुणीतरी किंवा शाळेतले शिक्षक लागतातच. आमच्याकडे मी होते, सगळ्यांकडे असं कुणी नसतं. आणि नुसतं पास व्हायचं असेल तर याची गरज नाही. २०२४ ला कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९९.०१ टक्के लागला होता, आपली मुलं पास होतातच. पुढे डिप्लोमाला, विज्ञानाला किंवा माझ्यासारखं मोजणीला जायचं असेल तर मात्र जावं.

बाराव्या चाचणीचा पेपर परवा आला. सात पानांत दोन ठिपके. पहिला त्रिकोणमितीच्या नित्यसमानतेत, जिथे तिने एक वजा कॉस वर्ग थीटाच्या जागी कॉस वर्ग थीटाच लिहिलं. दुसरा सोप्या बेरजेत. पण माझं लक्ष एका तिसऱ्या जागी गेलं. एका उदाहरणात तिने स्वतःच पेन्सिलीने समासात बारीक ठिपका दिला होता, चार ओळी खोडून पुन्हा लिहिल्या होत्या आणि उत्तर बरोबर काढलं होतं. सरांनी त्या पेन्सिलीच्या ठिपक्याभोवती लाल गोल केला होता, बाकी काही लिहिलं नव्हतं.

पुढच्या तुकडीची नावं सर दिवाळीनंतर लिहून घेतात. शेजारच्या मुलाचं मी आताच तोंडी सांगून ठेवलंय. जाताना जाड चटई आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली न्या. आलेख कागद सर देतात.